सरळ रेषेतली सहाशे माणसं

१

मंगळवारी सकाळी ऑफिस उघडलं, तेव्हा अख्खा जून महिना चोरीला गेलेला होता.

म्हणजे खुर्च्या जागेवर होत्या, कॉफीचं यंत्र जागेवर होतं, खिडकीतला निवडुंगसुद्धा होता. नव्हती ती फक्त एक फाइल. जूनमध्ये जाहिरातीवर बोट ठेवून आत आलेली सगळी माणसं तिच्यात होती. नावं नाहीत, चेहरे नाहीत, नुसते नंबर. कोण किती वाजता आलं, किती मिनिटं थांबलं, दुसऱ्या दिवशी परत आलं की नाही, एवढंच.

'निळा कंदील' नावाची ही छोटीशी जाहिरात कंपनी माँट्रियालच्या माइल एंड भागात, एका जुन्या शिवणकारखान्याच्या तिसऱ्या मजल्यावर होती. काम एकच. प्रौढांच्या साइटसाठी माणसं आणायची. ज्या साइटच्या दारावरच वय विचारतात ना, तसल्या. आत काय चालतं हे ऑरोर गिन्याकने सहा वर्षांत एकदाही पाहिलं नव्हतं. तिचा संबंध दारापर्यंत.

आणि माणसं आणणं काय, सोपं असतं हो! चुकूनसुद्धा बोट पडतं. तीस दिवसांनी तो माणूस अजून येतोय का, हा खरा प्रश्न. त्याला ऑफिसात सगळे 'टिकाव' म्हणायचे.

ऑरोर एकसष्ट वर्षांची होती. आधी वाचनालयात होती, आता इथे तिचं काम म्हणजे आलेली माणसं खरी आहेत की बॉट आहेत, हे ओळखायचं. बॉट म्हणजे माणसाचं सोंग घेतलेलं यंत्र. ऑफिसातली पोरं तिला 'मातांत' म्हणायची, म्हणजे मावशी. आकड्यांच्या रांगांकडे बघताना मातांतचे डोळे अर्धवट मिटायचे आणि तिला आकडे दिसतच नसत. दिसायचे दिवे. शहरभर लागणारे, विझणारे, पुन्हा लागणारे.

"बेरेनिस, सामान भर."

आवाज गिस्लॅन पोमर्लोचा होता. ऑफिसचा प्रमुख, मालकांचा माणूस. मालक स्वतः दूर कॅल्गरीत. त्याने बेरेनिसच्या टेबलावरच्या वस्तू एका खोक्यात भरल्यासुद्धा होत्या. खोक्याचे वरचे दोन कान धरून त्याने ते उचललं, आणि धप्प! तळ उघडला. कॉफीचा मग, रंगपेट्या, अर्धा विणलेला स्वेटर, सगळं जमिनीवर. मगाचा कान तुटला.

"हे खोकंच फालतू आहे," पोमर्लो लाल होत म्हणाला.

"माझा मग फालतू नव्हता," बेरेनिस म्हणाली. सव्वीस वर्षांची बेरेनिस लाशापेल, जाहिराती काढणारी. ती रडत नव्हती. ते जास्त वाईट दिसत होतं.

"झालं काय, ते तरी सांगाल?" ऑरोरने विचारलं.

पोमर्लोने भिंतीकडे बोट दाखवलं. तिथे जूनमध्ये आलेल्यांच्या टिकावाचा कालपर्यंतचा आलेख टांगलेला होता, त्यावर दोन रेषा. निळी बेरेनिसच्या जाहिरातीची. तिने काढली होती एक उजेड असलेली खिडकी आणि खाली एकच ओळ, 'कुणीतरी जागं आहे.' विणकाम, मासेमारी, तारे बघणं असल्या पेंगुळलेल्या ब्लॉगांच्या कोपऱ्यात ती लागायची. लाल रेष ट्रेव्हरच्या लुकलुकणाऱ्या पट्ट्यांची. दोन्ही जाहिराती फक्त माँट्रियाल शहरापुरत्या होत्या.

तीस जूनपर्यंत दोघी बहिणीबहिणींसारख्या चालल्या होत्या. एक जुलैला निळी रेष कड्यावरून पडावी तशी खाली कोसळली होती. लाल मात्र पट्टीने आखल्यासारखी सरळ.

"साइटवाल्यांचं पत्र आलंय," पोमर्लो म्हणाला. "जूनमधली जवळजवळ सहाशे माणसं बॉट आहेत म्हणे. कुणाच्या वाटेने आली, ते नाव पाचच्या आत कॅल्गरीला कळवायचंय. रेष बघा ना! महिन्याभरासाठी भाड्याने आणलेली यंत्रं, एक तारखेला बंद. आणि काल संध्याकाळी फाइल पुसली गेली, तीही हिच्याच पासवर्डने."

"माझा पासवर्ड निवडुंगाच्या कुंडीवर चिकटवलाय! तो पाणी घालणाऱ्यालासुद्धा पाठ आहे!"

"त्रेपन्न वर्षं मी एका छपराखाली झोपतोय, पोरी. ज्या खोलीत जन्मलो, त्याच खोलीत. टिकाव म्हणजे काय, ते मला शिकवू नकोस."

या धंद्यात एकदा बॉटवाली म्हणून नाव गेलं की संपलं. सगळ्या कंपन्या एकमेकींना कळवतात, मग एकही दार उघडत नाही.

"पाच वाजेपर्यंतचा वेळ मला द्या," ऑरोर म्हणाली.

पोमर्लोने खांदे उडवले. बेरेनिस खाली वाकून तुकडे वेचत होती. ती अगदी हळू बोलली, फक्त ऑरोरला ऐकू जाईल असं.

"मातांत, माझी माणसं खरी होती. मग एका दिवसात सगळी गेली कुठे?"

२

मागच्या लोखंडी जिन्यावर विल्नेर गार कॉफी पीत बसला होता. विल्नेर देरोझिए, सर्व्हर सांभाळणारा, आवाज खर्जातला आणि पाय भयंकर लांब. खाली गल्लीत एक जुलैचा कचरा अजून पडून होता. तीन गाद्या, एक पाय नसलेलं टेबल, आणि उन्हात आरामात पसरलेला हिरवा सोफा. जणू त्याला कुणी न्यायला येणारच होतं.

तसं दर वर्षीचंच ते. एक जुलैला भाडेकरार संपतात आणि त्याच दिवशी नवे सुरू होतात. मग काय! अर्धं माँट्रियाल उरलेल्या अर्ध्याच्या घरात राहायला जातं.

"तुझा सोफा गेला का वर?" ऑरोरने विचारलं.

"गोल जिना, मातांत! मधल्या वळणावर अडकला. अर्धा तास ना वर, ना खाली. शेजारीण त्याच्यावर चढून घरी गेली, वर म्हणते, छान मऊ आहे. शेवटी पाय कापले. सोफ्याचे."

"आणि इंटरनेट?"

"नाव काढू नका. तारवाला 'उद्या येतो' म्हणतो. त्याचा उद्या अजून उगवायचाय. रविवारी फुटबॉलची मॅच बघायला इथे आलो."

ऑरोर त्याच्या शेजारी बसली. "फाइल किती वाजता पुसली?"

"काल संध्याकाळी सहा दहाला. ऑफिसातल्याच संगणकावरून. तेव्हा तुम्ही सोडून आम्ही चौघंही होतो. पोमर्लोसाहेबांनी आइस्क्रीम आणलं होतं ना, सगळे इकडून तिकडे फिरत होतो. कुणीही करू शकलं असतं."

"आणि यादीत सहाशे बॉट घुसवायचे म्हटलं, तर?"

विल्नेरने कपातला बर्फ हलवला. "नवीन माणूस घडवणं कठीण असतं. माणूस किती वाजता येतो, कुठल्या दिवशी कंटाळतो, हे सगळं खरं वाटायला हवं. मी असतो तर आळशीपणा केला असता. जुन्या महिन्यातली माणसं उचलायची, नंबर बदलायचे, तारखा पुढे ढकलायच्या. झाली नवी माणसं! पण जुने महिने आमच्याकडे नसतात. महिना संपून पंधरा दिवस झाले की तो साहेबांच्या संगणकावर जातो, आमच्याकडचा पुसला जातो."

मग तो एकदम थांबला आणि ऑरोरकडे बघू लागला.

"मातांत, बेरेनिसने हे केलं नसेल ना? मी तिला नवं घर लावायला माझा स्क्रू ड्रायव्हर दिलाय. चांगला आहे तो."

३

ट्रेव्हर हॅलोवेल टोरांटोहून आलेला होता आणि त्याचं फ्रेंच ऐकून खिडकीतली कबुतरंसुद्धा उडून जायची, असं विल्नेर म्हणायचा. तो बेगल नावाचा गोल पाव खात होता, तीळ सगळ्या की-बोर्डवर.

"माझ्यावर संशय आहे, हो की नाही?" तो म्हणाला. "बाहेरचा मी. लाल रेष माझी. पुस्तकात असतं तसं."

"पुस्तकात पहिला संशय ज्याच्यावर, तो सुटतो," ऑरोर म्हणाली. "तू काळजी करू नकोस. किंवा कर. तुझी रेष एवढी सरळ कशी रे?"

ट्रेव्हरने बेगल खाली ठेवला. तो भिंतीवरच्या आलेखाकडे वळला.

"खरं सांगू? मलाच कळत नाहीये. मे महिन्यात माझी माणसं तीन दिवसांत पळत होती. जूनमध्ये एकदम इतकी आली आणि चिकटूनच बसली. मी काही एवढा भारी नाही, मातांत. साहेबांनी पाठीवर थाप मारली, म्हणून गप्प बसलो."

"एक जुलैला काय केलंस?"

"अरे देवा!" त्याने कपाळावर हात मारला. "टोरांटोत एक जुलै म्हणजे देशाचा वाढदिवस, झेंडे आणि आतषबाजी. गेल्या वर्षी मी आपला खुशीत निघालो, ट्रक भाड्याने घेऊ म्हणून. ट्रक! त्या दिवशी! लोक हसले मला. गादी डोक्यावर घेऊन बसमध्ये चढलो. पुढे नऊ दिवस इंटरनेट नाही. मी आहे की नाही, हे जगाला माहीत नव्हतं. यंदा पुन्हा बदललं घर. पुन्हा तेच. आज आठवा दिवस."

ऑरोर उठता उठता थांबली. तिच्या पापण्या अर्धवट मिटल्या.

"काय म्हणालास?"

"आठवा दिवस म्हणालो."

"त्याच्या आधी."

"मी आहे की नाही, हे जगाला माहीत नव्हतं."

ऑरोरने आपली कापडी पिशवी खांद्याला लावली आणि जिना उतरून गेली. पिशवीत काहीतरी जड होतं, आणि ते तिचं जेवण नव्हतं.

४

वाचनालयाची सवय सुटते थोडीच! ऑरोरला पडद्यावर वाचता येत नसे. दर सोमवारी दुपारी ती आठवड्याची यादी कागदावर छापायची आणि झाडाखाली बसून कादंबरीसारखी वाचायची. काल दुपारीही छापली होती. फाइल पुसली गेली संध्याकाळी सहा दहाला. जून महिना चोरीला गेला खरा, पण त्याची सावली तिच्या पिशवीत राहिली होती!

पार्कात ऊन पानांतून गळत होतं. दूर कुणीतरी ॲकॉर्डियन शिकत होतं, एकच ओळ, पुन्हा पुन्हा चुकत. ऑरोरने कागद मांडीवर पसरले आणि डोळे अर्धे मिटले. दिवे लागले.

तीनशे सतरा नंबर तिच्या ओळखीचा होता. व्हर्दन भागातून यायचा, रोज दुपारी बारा चाळीसला. बरोबर नऊ मिनिटं थांबायचा. मंगळवारी मात्र येत नसे. तीस जूनला तो विझला. त्यानंतर काही नाही.

तिने पान उलटलं. सहा जुलै, शनिवार. एक नवाच नंबर, रोझमाँ भागातून. बारा चाळीसला आला, नऊ मिनिटं थांबला. रविवारी बारा चाळीस, नऊ मिनिटं.

ऑरोरच्या अंगावर शहारा आला. सुखाचा.

तिने दुसरा शोधला. पहाटे पाचला येऊन दोनच मिनिटांत जाणारा, व्हिल्रेमधला. तोही तीस जूनला विझला होता आणि चार तारखेला लाशीनमध्ये लागला होता. पहाटे पाच, दोन मिनिटं. तिसरा. चौथा. अकरावा. कुणी कुठे गेलंच नव्हतं!

असल्या साइटवर कुणी आपलं नाव ठेवून जात नाही. आल्याच्या खुणासुद्धा पुसून जातात. म्हणून 'निळा कंदील' माणसाला ओळखायचा तो फक्त त्याच्या घरातल्या तारेवरून. घर बदललं, तार बदलली, की जुना माणूस हरवला आणि चार दिवसांनी दुसराच कुणी उगवला, असं यंत्राला वाटायचं. बेरेनिसची माणसं पळाली नव्हती. ती खोकी उचलत होती. गाद्या डोक्यावर घेऊन शहराच्या या टोकाहून त्या टोकाला चालली होती, आपली सवय दिव्यासारखी हातात धरून.

मग तिने लाल रेषेची पानं काढली. सहाशे चाळीस माणसं. ऊन सरकलं, ॲकॉर्डियनवाल्याला ती ओळ जमली, तरी ऑरोर वाचतच होती. चाळीस जण हलले होते, हरवले होते, ट्रेव्हरची खरी माणसं. उरलेल्या सहाशेंपैकी एकही नाही. एक जुलैला, सबंध माँट्रियालमध्ये, सहाशे माणसं आपापल्या घरी गप्प बसून होती. कुणाची तार तुटली नाही, कुणाचा सोफा अडकला नाही.

"झोपेतसुद्धा माणूस कूस बदलतो," ऑरोर स्वतःशी म्हणाली.

आणि मग तिला सकाळचा तो आवाज आठवला. धप्प. तिने घड्याळ पाहिलं. साडेचार!

५

पोमर्लो पत्र लिहूनच बसला होता. नावाची जागा भरलेली होती. समोर विल्नेर आणि ट्रेव्हर उभे, दाराशी बेरेनिस, कान तुटलेला मग हातात घेऊन.

ऑरोरने कागदांचे दोन गठ्ठे टेबलावर ठेवले. "हा जून. आणि हा मे, माझ्या कपाटातला. साहेब, लाल वाटेने आलेली सहाशे माणसं म्हणजे मे महिन्यात येऊन गेलेलीच माणसं आहेत. आत्ताच ताडून पाहिलं, मिनिटाला मिनिट जुळतं. नंबर नवे, तारखा तेवढ्या पुढे."

ट्रेव्हर पांढरा पडला. "मी नाही! शपथ!"

"तू नाहीस, माहीत आहे मला. ज्याने हे केलं, त्याने मे महिना उचलला, कारण मे सुंदर असतो. मे महिन्यात कुणी घर बदलत नाही. सगळे जागच्या जागी. पण ती रेष त्याने एक जुलैवरून तशीच ओढत पुढे नेली. एकही खाच ठेवली नाही." तिने सगळ्यांकडे पाहिलं. "विल्नेरने केलं असतं, तर ठेवली असती. रविवारी तो मॅच बघायला इथे आला. ट्रेव्हरने केलं असतं, तर हमखास ठेवली असती. तो गेल्या वर्षी नऊ दिवस आणि यंदा आठ दिवस जगातून पुसला गेलाय. बेरेनिस, तुझं इंटरनेट आलं?"

"अजून नाही."

"बघा. तार तुटणं ज्याने एकदा तरी भोगलंय, तो ही चूक करूच शकत नाही. ही चूक फक्त एकच माणूस करू शकतो. जो एक जुलैला आयुष्यभर खिडकीत बसून बघत आला आणि ज्याने कधी एक खोकंसुद्धा उचललं नाही. मे महिना ज्याच्या संगणकावर आहे."

विल्नेर आणि ट्रेव्हरने साहेबांच्या संगणकाकडे पाहिलं.

"एक जुलै मला माहीत आहे," पोमर्लो म्हणाला. त्याचा आवाज एकदम लहान झाला होता. "लहानपणी आई खुर्ची मांडून द्यायची. सगळी गल्ली रिकामी व्हायची. दर वर्षी माझे मित्र ट्रकमध्ये बसून जायचे, हात हलवत. आणि मी तिथेच."

"बघणं वेगळं, गिस्लॅन," ऑरोर म्हणाली. आज पहिल्यांदाच ती त्याला अरे-तुरे करत होती. "उचलणं वेगळं. का केलंस?"

"कॅल्गरीला शब्द दिला होता, जूनचा टिकाव कधी नव्हे एवढा दाखवीन म्हणून. ट्रेव्हरची वाट तर रिकामीच पडली होती. म्हटलं, थोडी माणसं..." त्याने आलेखाकडे पाहिलं. "किती छान राहिली ती. एकही गेला नाही."

"आणि मला घालवत होतात," बेरेनिस म्हणाली.

त्याने मान खाली घातली. "पत्र आलं आणि मी घाबरलो. तुझी रेष आपोआप पडलीच होती. मला वाटलं, ती पडलीच आहे, तर..."

"ती पडली नव्हती!" ऑरोरने तीनशे सतराचं पान उचलून बेरेनिसच्या हातात दिलं. "वाच. बारा चाळीस. आणि मग रोझमाँमधलं बघ."

बेरेनिसने वाचलं. पुन्हा वाचलं. सकाळपासून कोरडे राहिलेले तिचे डोळे आत्ता कुठे भरून आले.

"आला तो परत? खिडकीवर?"

"खिडकीच शोधत आला. तुझ्या दहातले आठ परत आलेत, पोरी. इतका टिकाव मी सहा वर्षांत पाहिला नाही."

पाचला दहा मिनिटं असताना पोमर्लोने पत्रातलं नाव खोडलं आणि आपलं लिहिलं. अक्षर स्वच्छ आलं. ते पत्र गेल्यावर ऑरोरने आपलं आणि बेरेनिसचं असं दुसरं पाठवलं, सगळ्या पुराव्यासकट. मग दोन्ही गठ्ठे कागद फाडायच्या यंत्रात घातले. नाव न सांगता दाराशी आलेली माणसं होती ती. त्यांच्या वेळा टेबलावर पडून राहणं बरं नव्हे.

पोमर्लोने आपला कप्पा रिकामा केला. आईचा फोटो, चष्म्याचं घर, टायची क्लिप, छोट्या शंखांचा डबा. सकाळचंच खोकं पडलेलं होतं, तेच त्याने घेतलं. विल्नेरने त्याच्या तळाला चिकटपट्टी लावून दिली, आडवी आणि उभी. पोमर्लो खोक्याचे कान धरून मागच्या जिन्यापर्यंत आला. खाली गल्लीत तो हिरवा सोफा अजून उन्हात वाट बघत होता. पहिल्याच पायरीवर खोकं डचमळलं, शंख खुळखुळले, आणि तो थबकला. वर जाता येईना, खाली उतरता येईना.

बेरेनिस दारात उभी होती. तिने तुटका मग खिडकीत ठेवला, दोन पायऱ्या उतरली आणि त्याचे दोन्ही हात धरून खोक्याखाली नेले.

"खालून धरायचं असतं, साहेब," ती म्हणाली. "खोकं नेहमी खालून धरायचं."